उकाडा बाहेरचा, उकाडा आतला

मे महिन्यात डहाणूच्या किनाऱ्यावर घाम वाळत नाही. हवेत ओल एवढी की चिकूच्या वाडीत सावलीला बसलेल्या बाईचाही पदर भिजलेला असतो. अशा दिवसांत पंचेचाळिशीच्या पुढची एखादी बाई ‘अंगातून वाफा निघतात’ म्हणाली, तर शेजारची सहज म्हणते, ‘सगळ्यांनाच होतंय.’ विषय तिथेच मिटतो. पण तीच बाई पौषात, तलासरीकडच्या पाड्यांवर पहाटे शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, मध्यरात्री गोधडी फेकून घामाघूम उठून बसली, तर हवेला दोष देता येत नाही. हा उकाडा आतला असतो.

या वाफेची चाल ठरलेली असते. ती छातीत सुरू होते, मानेवरून चेहऱ्यावर चढते आणि दोन-चार मिनिटं टिकते. काळीज धडधडतं, अंग चिंब होतं आणि मागाहून हुडहुडी भरते. कुणाला महिन्यातून एखादी, कुणाला दिवसाला दहा. अमेरिकेत पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रियांचा त्रास सात वर्षांहून अधिक काळ टिकलेला दिसला. घाम येतो तो अंग गार करण्यासाठी. दमट हवेत तो उडून जात नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बाईला वाफ ओसरल्यावरही मोकळं वाटत नाही.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, गुजरातला खेटून असलेले तालुके. समुद्राच्या बाजूला कोळीवाडे आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या, पूर्वेला डोंगरातले वारली, कोकणा, धोडिया, कातकरी पाडे. तलासरीत दर दहा माणसांतली नऊ आदिवासी. इथल्या बाईच्या पंचेचाळिशीत विसावा नसतो. पावसाळ्यात भाताची आवणी, मग कापणी, दिवाळीनंतर वीटभट्टी, चिकूवाडीत फळं निवडण्याचं काम, नाहीतर उंबरगाव-वापीकडच्या कंपनीची गाडी. मुलींची लग्नं लवकर होतात, त्यामुळे पाळी जाण्याआधीच ती बहुधा आजी झालेली असते.

आणि पाळीही लवकर जाते. युरोप-अमेरिकेत रजोनिवृत्तीचं सरासरी वय ५१च्या आसपास आहे. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत भारतीय स्त्रियांसाठी ते ४६.२ वर्षं निघालं. गरिबी, कमी शिक्षण आणि कुपोषण असेल तिथे हे वय आणखी अलीकडे सरकतं, असं देशातल्या अनेक पाहण्यांत दिसलं आहे. म्हणजे ज्यांच्या अंगावर कामाचा भार जास्त, त्यांचं हार्मोनचं पाठबळ आधी जातं.

अंडाशयाचा हिशेब

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख अंडपेशी असतात. पुढे त्यांत भर पडत नाही. पाळी सुरू होते त्या वयाला तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे-पाचशे. बाकीच्या आतल्या आत विरून जातात. बाई गरोदर असो, बाळाला अंगावर पाजत असो की गर्भनिरोधक गोळ्या घेत असो, ही घट थांबत नाही. हजारेक उरल्या की पाळीचं चक्र बंद पडतं.

प्रत्येक अंडपेशीभोवती पेशींचं एक बारीक कवच असतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याच कवचात तयार होतं. अंडपेशी बाहेर पडली की मागे उरलेलं कवच दुसरं हार्मोन बनवू लागतं, ते प्रोजेस्टेरॉन. पहिलं गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, दुसरं त्याला स्थिर ठेवतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही उतरतात आणि अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडतं. अंडपेशी संपत आल्या की त्यांची कवचं संपतात आणि कवचांबरोबर हार्मोनही.

मात्र दोन्ही एकाच वेळी जात नाहीत, आणि चाळिशीनंतरचा बराचसा गोंधळ इथून सुरू होतो. पाळी कायमची थांबण्याआधी चार-पाच वर्षं अनेक महिन्यांत अंडपेशी बाहेरच पडत नाही. ती न पडली की प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, कधी नेहमीपेक्षा जास्तही. अस्तर वाढत राहतं, सावरणारं कुणी नसतं. मग दोन-दोन महिने पाळी येत नाही आणि आली की दहा-दहा दिवस अंगावर जातं, गाठी पडतात. अशी बाई दवाखान्यात येते तेव्हा तिचं हिमोग्लोबिन बरेचदा खूप उतरलेलं असतं. या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोषही आढळतो. म्हणून थकवा आणि रक्तक्षय फक्त लोहाच्या गोळ्यांवर सोडून न देता सिकलसेलची तपासणी आधी झालेली आहे का, हे पाहावं लागतं.

मेंदूखालची पीयूष ग्रंथी अंडाशयाला कामाला लावण्यासाठी एफएसएच नावाचा निरोप पाठवते. ऐकू कमी येणाऱ्याला माणूस जशी आवाज चढवून हाक मारतो, तसा अंडाशयाकडून प्रतिसाद कमी आला की हा निरोप वाढत जातो. रक्तातलं एफएसएच वाढलेलं दिसतं ते यामुळे. पण संक्रमणाच्या काळात ते या महिन्यात वर, पुढच्या महिन्यात खाली असं हलत राहतं. त्यामुळे ४५च्या पुढच्या बाईला पाळी अनियमित होऊन वाफा येत असतील, तर हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची गरज नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, एवढं पुरतं. ते बारा महिने पूर्ण होईपर्यंत दिवस राहू शकतात, हे मात्र अनेक जोडप्यांना माहीत नसतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर गोष्ट वेगळी; तिथे तपासणी हवीच. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, झोप उडणं अशीच लक्षणं दिसतात, म्हणून तेवढी एक तपासणी कुठल्याही वयात उपयोगी पडते.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन पूर्णपणे नाहीसं होत नाही. चरबीच्या पेशी दुसऱ्या हार्मोनपासून त्याचा एक सौम्य प्रकार थोडाफार बनवत राहतात. अंगावर मूठभर मांस नसलेल्या, दिवसभर राबणाऱ्या बाईकडे हा साठाही कमी असतो.

वाफेचं कारण मेंदूत सापडतं. शरीराचं तापमान राखणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या अतिउत्साही होतात आणि तापमानातला अगदी बारीक चढही त्यांना मोठा वाटतो. शरीर लगेच घाम सोडतं, कातडीकडे रक्त धाडतं. या चेतापेशींचा शोध पक्का झाल्यावर त्यांच्यावरच काम करणारं, हार्मोन नसलेलं फेझोलिनेटंट हे औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला मे २०२३मध्ये मान्यता मिळाली.

ऑपरेशनवर आलेला आळ

दोन-तीन मुलांनंतर नसबंदी झालेली बाई पुढे पंधरा-वीस वर्षांनी पाळी बिघडली की त्या ऑपरेशनला दोष देते. ‘ऑपरेशन केल्यापासून अंगात ताकद नाही,’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. नसबंदीत अंडपेशी गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या बंद केल्या जातात. हार्मोन त्या नळ्यांतून जात नाहीत, ते अंडाशयातून थेट रक्तात उतरतात. त्यामुळे नसबंदीने रजोनिवृत्ती येत नाही.

‘पिशवी काढणं’ ही मात्र खरोखर परिणाम करणारी गोष्ट आहे. महाराष्ट्रात तिची सर्वांत जास्त चर्चा झाली ती बीड जिल्ह्यात. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८००हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयातल्या दर शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. ऊसतोडीत खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर ना संडास ना पाणी, आणि खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते. या तिन्हींतून तरुण बायकांच्या पिशव्या निघाल्या. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

डहाणू-तलासरीतली बाई ऊसतोडीला जात नाही. ती वीटभट्टीवर किंवा कंपनीत जाते. पण हंगामी स्थलांतर, खाडा आणि अंगावर काढलेलं दुखणं ही साखळी इथेही तीच आहे. म्हणून बीडचा धडा इथे उपयोगाचा. गर्भाशय काढताना अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात. फक्त तेही नेहमीपेक्षा थोडे आधी संपतात. अंडाशयही काढले, तर पाच-सात वर्षांत हळूहळू व्हायचा उतार एका दिवसात होतो. वाफा तीव्र येतात, हाडं झपाट्याने विरळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ऑपरेशनआधी बाईने डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: अंडाशय राहणार का? दुसरा प्रश्न, औषधाने भागेल का? जास्त अंगावर जाण्यावर ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते. रजोनिवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेल्या बाईला तेवढा काळ निभावून नेण्यास यांतलं काहीतरी बहुधा पुरतं.

हाडं, नागली आणि सुकट

हाड जन्मभर मोडत आणि नव्याने बांधलं जात असतं. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. तो आवर सुटला की बांधकामापेक्षा मोडतोड जास्त होते, आणि पाळी थांबण्याच्या आसपासच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक घटू शकते. हे दुखत नाही. पहिली खूण बहुतेक वेळा अपघाताचं रूप घेऊन येते: पावसाळ्यात बांधावरून पाय घसरतो, बाई हात टेकते आणि मनगट मोडतं. त्यानंतर कंबर वाकते, उंची कमी होते. मणके आतल्या आत दबत असतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कमी उत्पन्न गटातल्या, तीस ते साठ वयाच्या २८९ स्त्रियांची हाडं तपासली. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या रोजच्या आहारात कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमहून कमी आढळलं, आणि तीनातल्या जवळपास एकीचं खुब्याजवळचं हाड ऑस्टिओपोरोसिसच्या पातळीला विरळ झालेलं होतं. या बायका कष्टाच्या होत्या. वजन उचलल्याने हाड बळकट होतं हे खरं, पण बांधायला माल नसेल तर नुसत्या कष्टाने ते उभं राहत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे.

डहाणू-तलासरीच्या स्वयंपाकघरात याचं उत्तर बऱ्यापैकी हजर असतं. डोंगरउतारावरच्या नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तितक्याच पॉलिश केलेल्या तांदळात दहा मिलिग्रॅमही नसतं. रेशनचा तांदूळ ताटात आला आणि भाकरी मागे पडली, तेव्हा पोट भरलं पण हाडांचा वाटा गेला. नागली भिजवून, मोड आणून किंवा आंबील करून खाल्ली तर तिच्यातलं कॅल्शियम अधिक अंगी लागतं. किनाऱ्यावरून डोंगरातल्या आठवडी बाजारात येणारी सुकट आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी हा कॅल्शियमचा चांगला साठा. फक्त तिच्यात मीठ भरपूर असतं, आणि रजोनिवृत्तीनंतर रक्तदाब वाढू लागतो, म्हणून ती आधी पाण्यात घालून खारटपणा काढावा. शेवग्याचा पाला कुंपणालाच असतो. दूध परवडत नाही अशा घरात या तीन गोष्टी गोळ्यांइतक्याच गंभीरपणे घ्यायला हव्यात.

रक्तवाहिन्यांचंही असंच. इस्ट्रोजेन असेपर्यंत घातक कोलेस्टेरॉल ताब्यात राहतं. ते गेल्यावर वाढतं, चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकते. बारीक अंगाची बाई यातून सुटते असं नाही. तिचाही रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासायला हवी. तंबाखू आणि मशेरी सोडण्याचा फायदा या वयातही होतो.

सांगायचं राहून जातं ते

वाफांबद्दल बायका निदान एकमेकींशी बोलतात. त्याखालची दुखणी मात्र बोलली जात नाहीत. इस्ट्रोजेन असताना योनीमार्गाची त्वचा जाड आणि ओली असते आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंमुळे आम्लता टिकते. ते कमी झालं की त्वचा पातळ होते, आम्लता घटते, जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होतो. शेतात, भट्टीवर आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि संसर्ग आणखी वाढतो. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात, हा त्रास मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो. त्यावरचा उपाय साधा आहे: कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मलम. ते तिथल्या तिथेच काम करतं, रक्तात अगदी नगण्य उतरतं.

याच काळात ‘अंग बाहेर येणं’ वाढतं. लागोपाठची बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी आणि डोक्यावरचे हंडे यांनी आधीच सैल झालेले आधाराचे स्नायू हार्मोन गेल्यावर आणखी ढिले पडतात. सुरुवातीला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि आत बसवायची रिंग उपयोगी पडते. बायका येतात त्या बहुधा शस्त्रक्रियेशिवाय पर्याय उरत नाही तेव्हा.

ही गप्पगारी किती खोल असते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी कधीतरी अशी तपासणी करून घेतलेल्या मात्र आठ टक्केही नव्हत्या. गर्भारपणाबाहेर स्त्रीचं आरोग्य असतं, हे सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत या आकड्यांनी ठसवलं.

कंद, आजी आणि गोळी

माणसाची मादी प्रजनन थांबल्यावरही तीस-तीस वर्षं का जगते, हे कोडं जीवशास्त्राला बराच काळ पडलं होतं. टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संकलक लोकांत राहून क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की वयस्क बायका कठीण जमिनीतून कंद खणून काढतात आणि त्यांच्या श्रमावर नातवंडं पोसली जातात. आजी कमावती असेल तर मुलगी पुढचं मूल लवकर जन्माला घालू शकते आणि आधीचंही जगतं. हा ‘आजीचा सिद्धांत’ १९९०च्या दशकाच्या अखेरीस मांडला गेला. काही देवमाशांतही माद्या प्रजनन थांबल्यावर दशकानुदशकं जगतात आणि कळपाला वाट दाखवतात. पालघरच्या रानात कडूकंद कुठे लागतो, तो राखेच्या पाण्यात किती उकळला की कडूपणा जातो आणि पहिल्या पावसानंतर कुठली रानभाजी कुठे उगवते, हे ठाऊक असणारी बाई बहुधा याच वयाची असते.

कडूकंदाच्या गोतावळ्याचा हार्मोनच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १९२९मध्ये एडवर्ड डॉयझी आणि अडोल्फ बुटेनांड्ट यांनी स्वतंत्रपणे गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोजेनचा एक प्रकार वेगळा केला. १९४२मध्ये गाभण घोड्यांच्या लघवीपासून बनवलेली प्रेमारिन ही गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. प्रोजेस्टेरॉन मात्र फार महाग होतं. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने ते मेक्सिकोच्या जंगलातल्या डायोस्कोरिया जातीच्या कंदांतल्या डायोस्जेनिनपासून प्रयोगशाळेत बनवलं आणि हार्मोनची किंमत कोसळली. आपला कडूकंदही डायोस्कोरियाच. यावरून कंद खाऊन हार्मोन मिळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये: डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन प्रयोगशाळेत होतं, माणसाच्या शरीरात नाही.

गोळीचं पुढचं आयुष्य चढउताराचं झालं. १९६०च्या दशकात ती तारुण्य टिकवणारी म्हणून विकली गेली. १९७५मध्ये कळलं, की प्रोजेस्टेरॉनच्या जोडीशिवाय एकटं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग २००२चा धक्का बसला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीतला, १६,६०८ स्त्रियांना दोन्ही हार्मोन किंवा खोटी गोळी देणारा भाग मधेच थांबवण्यात आला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग आठ जणींना जास्त झाला होता, पक्षाघातही तितकाच वाढला. खुब्याचं हाड मोडण्याच्या घटना पाचने कमी झाल्या. जगभर स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. नंतर लक्षात आलं, की त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बराच काळ लोटलेला. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला तर तोल बदलतो. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचं जाहीर केलं.

आजचा व्यवहार असा: तीव्र वाफा, झोप उडणं किंवा अकाली रजोनिवृत्ती असेल तर हार्मोन हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ते टाळतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणायची ही गोळी नव्हे.

वहीची वयोमर्यादा

गावातल्या आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदीत बायकोचं वय १५ ते ४९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलाखत होते तीही १५ ते ४९ वयातल्या स्त्रियांची. गर्भारपण, बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन या चौकटीत सरकारी यंत्रणा बाईला नीट ओळखते आणि चौकट संपली की ओळख संपते. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसांची ‘लासी’ ही पाहणी सुरू केली, तेव्हा कुठे या वयाचे देशव्यापी आकडे जमू लागले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे. या वयाचा अभ्यास करायला जागा आणि माणसं हाताशी आहेत.

आणखी एक कागद आधीच घरोघर पोचतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी-अर्ज आशाताई भरतात, त्यात स्त्रियांसाठीच्या प्रश्नांत एक ओळ आहे: पाळी बंद झाल्यावर रक्त जातं का? रजोनिवृत्तीच्या वर्षभरानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ते ‘पुन्हा पाळी आली’ म्हणून सोडायचं नसतं. अशा दर शंभर स्त्रियांपैकी नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर तुकडा काढून तपासावा लागतो, आणि लवकर सापडला तर हा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो. या एका ओळीचं ‘हो’ असं उत्तर मिळालं, की सायवन किंवा आशागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबायचं कारण नाही. कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी त्याच दिवशी हवी. तलासरीतले अनेक रुग्ण सिल्वासाला जातात, तिथे गेलं तरी चालेल, पण जायला हवं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरसारखं द्रावण लावून केली जाणारी तपासणी उपकेंद्रात होते. पाळी गेल्यावर मात्र जिथे कर्करोग सुरू होतो तो भाग आत सरकतो आणि ही तपासणी फसवी ठरू शकते. तिथे एचपीव्ही विषाणूची तपासणी सरस पडते. एचपीव्ही तपासणीच्या उपयोगाचा मोठा पुरावा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

स्तनांच्या बाबतीत तर यंत्रही लागलं नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८पासून वीस वर्षं चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले. दीड लाखाहून अधिक स्त्रियांची ही आकडेवारी २०२१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना ठळक फायदा दिसला नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. डहाणू-तलासरीच्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंना ही तपासणी शिकवता येते. होळीच्या सुमारास भट्ट्यांवरून बायका गावी परततात, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांसाठी शिबिर लावलं तर त्या घरीच सापडतात.